‘फास्ट फूड’ म्हणजे काय?

मंडळी, फास्ट फूड म्हणजे घाईघाईने खाण्याचे अन्न, असे पुष्कळांना वाटते. पण इथे घाई असते ती देणाऱ्याची, बरं का! अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो शहरी मॅकडोनल्ड बंधूंनी १९४८ साली आपल्या उपाहारगृहातले पदार्थ नवावर आणले, कामे वाटून दिली आणि मागताच पदार्थ गिऱ्हाइकाच्या हाती देण्याची रीत बसवली. अशा रीतीने विकतात ते फास्ट फूड. म्हणून गाडीवरचा वडापाव फास्ट फूडच. घरचे पोहे झटपट झाले तरी ते नव्हेत. सकस की निकस, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर तेल, मीठ, साखर किती, यावर ठरते. गुरुजींनी मुलांना हा भेद समजावून द्यावा. मग नावाचा धाकही नको, भुरळही नको.