रोजगार मेळाव्याला जाताना
जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या मेळाव्यासाठी ‘महास्वयम्’ पोर्टलवर आधी नोंदणी करा. रिक्त पदं आणि पात्रता तिथेच पाहून आपल्या कामाच्या तीन-चार कंपन्या निवडा. बायोडेटाच्या आठ-दहा प्रती, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, आधार, फोटो सोबत हवेत. बायोडेटावरचा मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. पुढचा निरोप त्यावरच येतो. टेबलापाशी ‘कोणतंही काम चालेल’ म्हणू नका. ‘आयटीआय फिटर, एक वर्ष अप्रेंटिस, रात्रपाळीची तयारी आहे’ एवढं नेमकं बोललात, तर समोरचा मान वर करून पाहतो. हातात किती पगार, पीएफ, कंत्राटी की कायम, हे विचारायला संकोच कसला? सरकारी मेळाव्यात प्रवेश मोफत असतो. नोकरीसाठी कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. केंद्राच्या अधिकाऱ्यांना तिथेच सांगा.