गाडीचे सांधे

आमच्या पेढीची मोटार 2011 सालची. मार्केट यार्डातील आडत, आठवड्यातून दोनदा पाथर्डी-शेवगावची वसुली, महिन्याकाठी पुण्याची एक खेप आणि चातुर्मासात साधू-साध्वीजी जेथे विराजमान असतील तेथे सहकुटुंब दर्शनाची फेरी. असे करता करता तिने 2 लाख 40 हजार किलोमीटरचा आकडा ओलांडला. वहीत ती केव्हाच उतरली होती. दरसाल 15 टक्के घसारा धरला की दहा वर्षांत मोटारीची पुस्तकी किंमत मूळ किमतीच्या पाचव्या हिश्शावर येते. हा घसारा आपण पैशापर्यंत मोजतो. चाकामागे लपलेल्या सांध्यांचा घसारा मात्र कोणी लिहून ठेवत नाही.

गेल्या श्रावणात आम्ही पाथर्डीच्या वाटेवर होतो. मागच्या आसनावर आई आणि दोन नातवंडे. डावीकडच्या पुढच्या चाकातून बारीक खड्ड्यांवर ‘खट-खट’ असा आवाज कित्येक महिन्यांपासून येत होता. बाबूजी म्हणत, ‘जुनी गाडी आहे, वाजणारच.’ मीही स्तवनांचा आवाज थोडा वाढवून तो आवाज झाकत असे, हे आज कबूल करतो. करंजी घाटातील एका वळणावर ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढली गेली. वेग कमी असल्याने निभावले. घाट ओलांडून रस्त्याकडेच्या एका लहानशा गॅरेजात थांबलो. मिस्त्रींनी चाक उचलले, खालून टॉमी घालून लोअर आर्म हलवला आणि मला वाकून पाहायला सांगितले. बॉल जॉइंटचे रबरी टोपण फाटून आत चिखल गेला होता आणि सांधा डोळ्यांना दिसेल इतका खेळत होता. आर्मच्या मागच्या बुशाचे रबरही चिरले होते. ‘शेठ, हा सांधा घाटात निसटला असता तर चाक आडवं पडलं असतं,’ एवढेच ते म्हणाले. आई गाडीतच बसून होती. तिने ते ऐकले नाही याचे मला आजही समाधान वाटते.

आपल्या जिल्ह्यात हे सांधे लवकर थकतात, याला कारणे आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता पाहता पाहता लाटांसारखा होतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये सुरू झाला तेव्हा ऊस बैलगाड्यांतून येई. आज एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या भरून ऊस चालतो आणि त्या ओझ्याने रस्त्यांच्या कडा खचतात. त्यात आपली दर्शनयात्रा नेमकी चातुर्मासातली, म्हणजे पाण्याखाली खड्डा दिसत नाही त्या दिवसांतली. संतांचा विहार त्या काळात थांबतो, श्रावकांच्या गाड्या मात्र थांबत नाहीत!

नवी वाहने रस्त्यावर येण्यापूर्वी त्यांची परीक्षा घेण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांतील एक संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आपल्या नगरलाच आहे. तेथील मुद्दाम खडबडीत राखलेल्या मार्गांवर वाहनांचा कस लागतो. तेथे जाणारे वाहन बहुधा नवेकोरे असते. आपली मोटार मात्र रोजच तशा परीक्षेला बसते, तीही उतारवयात.

या रचनेत कोणाचे काम काय, हे समजले की निम्मा गोंधळ मिटतो. भार पेलते ती स्प्रिंग. परंतु स्प्रिंग एकदा दबली की नुसतीच उसळत राहील; ती उसळी शांत करण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या आत तेल असते, ते बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हिसक्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. तेल गळाले की चाक रस्त्यावर टिकत नाही, अगदी सूक्ष्म उड्या मारत राहते. हवेत असलेल्या चाकाला ब्रेक कसा लागणार? म्हणून थकलेला शॉकअप हा केवळ पाठदुखीचा विषय नव्हे. गाडी थांबायला लागणारे अंतर त्याने वाढते. टायरवर हात फिरवून पाहा. पृष्ठभाग ठिकठिकाणी वाटीसारखा खोलगट लागला तर चाक उड्या मारते आहे, असे बहुधा समजावे.

बाबूजींची जुनी अॅम्बेसेडर या बाबतीत सोशीक होती. तिच्या मागे कमानीचे पाटे आणि पुढे पीळ घेणारे पोलादी दांडे. नगरच्या रणगाडा संग्रहालयातील विजयंता रणगाड्याची चाकेही अशाच दांड्यांवर तोललेली आहेत, हे सांगताना बाबूजींना कोण अभिमान वाटे! आजच्या मोटारी हलक्या आणि चपळ आहेत. त्यांचे सुख बरेचसे मूठभर रबरी बुशांवर अवलंबून असते.

घरी परतल्यावर दुरुस्ती सावकाश केली. मिस्त्रींनी क्रम सांगितला तो मला पटला: आधी स्वस्त आणि आवाज करणारे पाहावे. बारीक खड्ड्यांवरची खट-खट बहुतेकदा लिंक रॉडची असते आणि त्यांची जोडी कुटुंबाच्या एका हॉटेलातील जेवणापेक्षा महाग नसते. आवाज गेला म्हणून तेथे थांबू नये, कारण बॉल जॉइंट बऱ्याचदा मुकाट्याने झिजतो. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना असला की दोन्ही चाके रस्त्याला सारखी धरत नाहीत. स्ट्रट खोलायचाच असेल तर वरचे माउंटिंग आणि बेअरिंगही त्याच वेळी पाहून घ्यावे, मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. मात्र दबलेली स्प्रिंग घरच्या हत्याराने सोडवण्याचा प्रयोग कोणी करू नये. ती सुटली तर जीव घेऊ शकते.

एक गोष्ट अनेक गॅरेजांत घाईने चुकते, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. लोअर आर्मचा रबरी बुश हा दोन धातूंच्या नळ्यांमध्ये चिकटवलेला असतो. तो फिरत नाही, पिळतो. चाक हवेत लोंबकळत असताना त्याचा बोल्ट करकचून आवळला, तर गाडी खाली उतरताच ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि थोड्याच महिन्यांत चिरते. मग आपण म्हणतो, ‘माल डुप्लिकेट निघाला.’ बोल्ट आधी हातापुरता बसवावा, गाडीचा भार चाकांवर आणावा आणि मगच शेवटचा आवळ द्यावा. आमच्या गाडीचे पूर्वी बदललेले बुश वर्षभरातच का गेले असतील, याचा अंदाज मला तेव्हा आला. त्यानंतर अलाइनमेंट अनिवार्य. नाहीतर नवे सुटे भाग आणि कुरतडलेले टायर असा विचित्र संसार होतो. माल खरोखरच डुप्लिकेट असू शकतो, हेही खरे. दुकानात आपण पक्क्या बिलाचा आग्रह धरतो, तोच सुट्या भागांनाही धरावा.

घरात अर्थातच वाद झाला. नोंदणीची 15 वर्षे भरत आली आहेत. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. धाकटा भाऊ म्हणाला, ‘विकून टाकू.’ इंजिन निरोगी आहे, पत्रा गंजलेला नाही, म्हणून मी ठेवण्याच्या बाजूचा. पत्रा खालून कुजला असता, विशेषतः स्ट्रट बसतो त्या जागी, तर मीच विकायला सांगितले असते. तेथे नवे भाग घालणे म्हणजे पडक्या भिंतीला नवे दार लावणे.

बाबूजींनी निर्णय आपल्या पद्धतीने दिला. गेल्या दिवाळीत चोपडापूजनासाठी आणलेल्या वह्यांतील एक लहान लाल वही त्यांनी गाडीच्या कप्प्यात ठेवली. पहिल्या पानावर किलोमीटरचा आकडा, बदललेले भाग आणि दर 10 हजार किलोमीटरला चाक उचलून टॉमीने पाहण्याची नोंद आहे. दुसऱ्या पानावर आईच्या अक्षरात एक ओळ आहे: ‘डावीकडे आता आवाज नाही.’