चार अंडी, पाच ताटं

अंड्याची भुर्जी आपल्या सगळ्यांनाच येते, पण ती आपण पावाशी नाहीतर भाकरीशी खातो. तमिळनाडूत भातासोबत खायला 'मुट्टै पोडिमास' करतात. मुट्टै म्हणजे अंडं आणि पोडी म्हणजे पूड. नावातच कृती आली बघा, अंडं बारीक आणि मोकळं झालं पाहिजे. यात टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. तिखटपणा मिरची-मिरीचा.

आज हाच पदार्थ का निवडला, तर वाटणीसाठी. अंडाकरी केली की अंडी मोजली जातात. अंडी चार आणि माणसं पाच असली की नुसत्या रश्श्यावर कोण भागवतं, हे मी सांगायला नको. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात, ती त्या बाईच्या ताटात येतच नाहीत. पोडिमास चमच्याने वाढायचा, त्यामुळे पाच जणांत नीट वाटला जातो. मात्र आपलं ताट सगळ्यांबरोबरच वाढून ठेवायचं. मागाहून कढई पुसून खायची नाही.

चार अंड्यांना दोन मोठे कांदे बारीक चिरून घ्या. कढईत दोन चमचे तेल तापवा. तिकडे तिळाचं तेल वापरतात, आपलं शेंगदाण्याचंही चालतं. मोहरी तडतडली की चमचाभर उडदाची डाळ टाका आणि तांबूस होऊ द्या. ही डाळ वगळू नका हं. मऊ अंड्यात मधेच कुरकुरीत दाणा लागतो, तीच तर गंमत. मग कढीपत्ता, दोन-तीन हिरव्या मिरच्या, कांदा, हळद आणि मीठ. मीठ कांद्यावरच घातलं की त्याला पाणी सुटतं आणि तो लवकर मऊ होतो. लाल करायचा नाही.

अंडी आधी वाटीत एकेक फोडून बघा, म्हणजे एखादं खराब निघालं तरी बाकीचं वाया जात नाही. आच मंद करून ती कढईत ओता आणि वीस-तीस सेकंद हात लावू नका. खालून थोडं घट्ट झालं की उलथन्याने खरवडत, मोडत राहा. घाई होते ती इथेच. मोठ्या आचेवर अंडं आवळतं, पाणी सोडतं आणि चिवट होतं. ओलसर चमक जाता जाता गॅस बंद करा, उरलेलं कढईच्या उष्णतेवर शिजतं. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर मात्र पूर्ण घट्ट होईपर्यंत आचेवरच ठेवा.

मिरी जाडसर कुटून अगदी शेवटी घाला, आधी घातली तर तिचा वास उडून जातो. ओलं खोबरं असेल तर मूठभर, नसेल तर अडत नाही.

तिकडे रसम-भात, सांबार-भात, दहीभात, सगळ्यांशी हे खातात. आपल्याकडे चिंच-गुळाची पातळ आमटी आणि गरम भात असला तरी छान जमतं. मुलं तिखट खात नसतील तर हिरवी मिरची उभी चिरून घाला, म्हणजे काढून टाकता येते, आणि मिरपूड मोठ्यांच्या ताटात वरून भुरभुरा.