प्रार्थनापुस्तक, साखळी, अंगठी, पेन

१९६५च्या युद्धात परमवीरचक्र दोघांनाच मिळालं आणि दोघांनाही मरणोत्तर. त्यांतले हवालदार अब्दुल हमीद पुष्कळांना चटकन आठवतात. दुसरे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुरझोरजी तारापोर. ते पुण्यात शिकले आणि पुण्याचं नाव लावणाऱ्या पलटणीचे प्रमुख म्हणून लढताना पडले. तरीही महाराष्ट्रात त्यांची ओळख असायला हवी तेवढी नाही.

घराण्यात सांगत आलेली गोष्ट अशी, की पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते, त्यांना शंभर गावं मिळाली आणि त्यांतल्या मुख्य गावावरून तारापोर हे आडनाव आलं. पुढे आजोबा निजामाच्या अबकारी खात्यात गेले. वडील कस्टम्समध्ये होते, शिवाय फारसी आणि उर्दूचे जाणकार. अर्देशिर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३चा, मुंबईतला. घरी त्यांना ‘आदी’ म्हणत. सहा वर्षांचा असताना दावं तोडून सुटलेली घरची गाय बहिणीच्या अंगावर धावली, तेव्हा आदी काठी घेऊन मध्ये उभा राहिला आणि गाईच्या नाकाडावर फटका हाणला. सातव्या वर्षी तो पुण्याला सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात आला आणि १९४०मध्ये मॅट्रिक झाला.

भरती झाली ती हैदराबाद संस्थानच्या फौजेत, पायदळात. मन मात्र रणगाड्यांकडे. एकदा सरावात एका रंगरुटाने टाकलेला जिवंत हातबॉम्ब खंदकातच पडला. आदींनी उडी घेऊन तो उचलला आणि बाहेर फेकला. तो फुटला आणि छर्रे त्यांच्या छातीत घुसले. संस्थानचे सेनापती एल एद्रूस यांनी बोलावून शाबासकी दिली, तेव्हा आदींनी बक्षीस म्हणून रणगाड्यांच्या तुकडीत बदली मागितली! ती मिळाली.

याच एल एद्रूस यांनी सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय सैन्याचे मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. मराठवाड्याच्या वाचकाला तो प्रसंग वेगळा सांगायला नको. संस्थानी फौज भारतीय सैन्यात विलीन झाली आणि १९५१मध्ये तारापोर पूना हॉर्समध्ये आले. पेशवाईच्या अखेरीला, १८१७ साली उभी राहिलेली ही घोडदळाची पलटण आता रणगाड्यांवर लढत होती. १९६५ला तारापोर तिचे प्रमुख होते आणि चौधुरी लष्करप्रमुख.

११ सप्टेंबरला सियालकोट आघाडीवर फिलोरा घ्यायचं ठरलं. पाठीमागून अचानक धडक मारण्याचा बेत होता, पण वाटेतच वझीरवालीकडून शत्रूच्या रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला. तारापोर जागचे हलले नाहीत, उलट फिलोरावर चालून गेले. जखमी झाले, तरी मागे इस्पितळात जायला त्यांनी नकार दिला. १४ तारखेला वझीरवाली पडलं. १६ तारखेला जस्सोरान आणि बुतूर डोगरांडी ताब्यात आलं, आणि त्याच दिवशी तारापोर गेले. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेकदा मारा झाला होता. परमवीरचक्राच्या मानपत्रानुसार या लढाईत पलटणीने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे ९ गमावले.

बुतूर डोगरांडीत त्या दिवशी आणखी एक कमांडिंग ऑफिसर पडला. ८ गढवाल रायफल्सचे लेफ्टनंट कर्नल झिराड. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणात शतकानुशतकं मराठी बोलत आलेल्या ज्यू समाजातले. एका गावासाठी एक पारशी आणि एक बेने इस्रायली अधिकारी लढले, हे या युद्धाच्या गोष्टी सांगताना आवर्जून सांगायला हवं.

रणगाड्यांचे आकडे बाजूला ठेवून तारापोर समजून घ्यायचे, तर त्यांनी मेजर चीमा या सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवलेल्या निरवानिरवीकडे पाहावं. प्रार्थनापुस्तक आईला द्यायचं, गळ्यातली सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, हातातलं कडं आणि फाउंटन पेन मुलाला. शिवाय मुलाला सैन्यात यायला सांगायचं. बंगला, जमीन, पैसाअडका यांचा उल्लेखही नाही. वाटून दिलं ते सगळं रणांगणावर अंगावर आणि खिशात मावणारं. ऐन लढाईच्या धामधुमीत घरातल्या एकेका माणसाचा असा वेगळा विचार करणारा हा अधिकारी नुसता बेडर नव्हता, पुरता संसारी होता.

आणखी एक इच्छा होती: दहन रणांगणावरच व्हावं. पारशी धर्मात अग्नी पवित्र. परंपरेने मृतदेह अग्नीला देत नाहीत, दोखम्यात, म्हणजे त्यासाठीच्या उघड्या मनोऱ्यात, ठेवतात. ज्या आईसाठी प्रार्थनापुस्तक राखून ठेवलं, तिच्या मुलाने हे मागावं, यातली ओढाताण पारशी नसलेल्यालाही कळते. पलटणीने त्यांचा शब्द राखला. दहन तिथेच झालं. म्हणजे पत्नी पेरीन, आई आणि मुलं यांना अंत्यदर्शनही मिळालं नाही. वीरपत्नी, वीरमाता हे शब्द आपण सभांमधून सहज उच्चारतो, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेलं हे रितेपण ध्यानात घेत नाही.

२०२३मध्ये अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं देण्यात आली. त्यांत एक तारापोर यांच्या नावाचं आहे. पूना हॉर्सला दुसरं परमवीरचक्र मिळालं ते १९७१च्या युद्धात, तेही मरणोत्तर. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत कामी आले. जन्म पुण्याचा, वय २१. मागे आई, वडील आणि धाकटा भाऊ.