भूसंपादनाचा मोबदला ठरतो कसा?

रस्ता, धरण वा रेल्वेमार्गासाठी सरकारने जमीन घेतली, की पहिला वाद उद्भवतो तो मोबदल्याचा. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळण्यात आला. मात्र अनुच्छेद ३०० अ नुसार कायद्याच्या आधाराखेरीज कुणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. भूसंपादनाचा हा कायदा दीर्घकाळ १८९४ चा, ब्रिटिशकालीनच होता. २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला.

त्यानुसार बाजारभाव ठरविताना रेडी रेकनरचा दर आणि परिसरातील तशाच जमिनींच्या मागील तीन वर्षांतील खरेदीखतांची सरासरी यांपैकी जास्त असेल ती रक्कम धरली जाते. सरासरीही सर्व खतांची नव्हे, तर सर्वाधिक किमतीच्या निम्म्या खतांची. ग्रामीण भागात या भावाला १ ते २ दरम्यानचा गुणांक लागतो, शहरात तो १ असतो. घर, विहीर, झाडे यांची किंमत त्यात मिळविली जाते आणि येणाऱ्या रकमेइतकीच दिलासा रक्कम वेगळी दिली जाते. जुन्या कायद्यात ती बाजारभावाच्या ३० टक्के होती. म्हणजे गावातील २० लाखांच्या मोकळ्या जमिनीला गुणांक २ लागल्यास ४० लाख अधिक दिलासा ४० लाख, असे ८० लाख मिळतात. तीच जमीन शहरात असल्यास ४० लाख.

खरी मेख खरेदीखतांत आहे. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी व्यवहार कमी किमतीचे दाखविण्याची आपल्याकडील सवय सर्वश्रुत आहे. सरकारदरबारी मात्र कागदावरची किंमतच खरी! शेजाऱ्याने वाचविलेल्या शुल्काचा भुर्दंड मग संपादनात जमीन गेलेल्या मालकाला बसतो.

निवाडा मान्य नसल्यास वाढीव मोबदल्यासाठी प्राधिकरणाकडे दाद मागता येते. पण रक्कम स्वीकारतानाच निषेध नोंदविणे आवश्यक असते. तो न नोंदविता पैसे घेतले, तर हा मार्ग बंद होतो. धनादेश हाती पडण्याच्या घाईत अनेकांकडून नेमके हेच राहून जाते.

शहरांत विकास आराखड्यातील आरक्षणाचा प्रश्न निराळा. तेथे प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार रोख रकमेऐवजी चटईक्षेत्र निर्देशांक किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर, स्वीकारण्याचा पर्यायही मालकापुढे असतो. या टीडीआरचे मोल बांधकाम बाजारातील तेजी-मंदीप्रमाणे बदलते.