माझी आरडी, मामांचा बोअर

१९९१ मध्ये मी राजदूत ३५० विकत घेतली, तेव्हा लोक ती विकून टाकत होते. आखाती युद्धामुळे पेट्रोल महागलं होतं आणि लिटरला जेमतेम वीस-बावीस किलोमीटर चालणारी गाडी दारात ठेवणं भल्याभल्यांना जड झालं होतं. माझ्या आधीचे मालक जयसिंगपूरजवळचे ऊस बागायतदार. त्यांनी ती १९८५ मध्ये नवी घेतली होती. किल्ली हातात देताना त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. "मास्तर, हिला ऑइल कमी पडू द्यायचं नाही. आणि पावसात ब्रेकच्या भरवशावर राहायचं नाही." मी तेव्हा आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा निदेशक होतो, वय एकोणतीस. आज त्रेसष्टावं चालू आहे आणि गाडी अजून माझ्याकडेच आहे.

तरुण वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. जपानच्या यामाहाने १९७३ मध्ये आरडी ३५० ही गाडी आणली. आपल्याकडे एस्कॉर्ट्स कंपनीनं १९८३ पासून तिची भारतीय आवृत्ती राजदूत ३५० या नावानं बनवली. लोकांनी मात्र तिला पहिल्यापासून आरडीच म्हटलं. ३४७ सीसी, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, सहा गिअर आणि साडेतीस हॉर्सपॉवर. त्या काळी रस्त्यावरची दमदार गाडी म्हणजे बुलेट, आणि तिची ताकद अठरा हॉर्सपॉवर. आरडीचं वजन बुलेटपेक्षा कमी. वेग दीडशेच्या आसपास जायचा. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथं या गाडीचं नाव होतं. पुढे पेट्रोल वाचावं म्हणून कंपनीनं सत्तावीस हॉर्सपॉवरची दुसरी आवृत्ती काढली. पहिलीला एचटी आणि दुसरीला एलटी म्हणतात. माझी एचटी आहे. ग्राहक मायलेज विचारणारा होता आणि १९८५ मध्ये आलेली १०० सीसीची फोर-स्ट्रोक हीरो होंडा लिटरला कितीतरी पट चालायची. दशक संपता संपता आरडीचं उत्पादन थांबलं.

एवढ्याशा इंजिनात एवढी ताकद कुठून येते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवायचो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो. मिनिटाला सहा हजार फेरे असले आणि सिलिंडर दोन असले, तर सेकंदाला दोनशे स्फोट. वर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली जाताना त्याच खिडक्या झाकतो आणि उघडतो. कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या वाटेवर पातळ पोलादी पात्या बसवलेल्या असतात, पेटीच्या सुरासारख्या. मिश्रण आत येऊ देतात, परत जाऊ देत नाहीत. चार हजार फेऱ्यांपर्यंत गाडी सभ्य असते. त्याच्या पुढे धुराड्यातल्या दाबाच्या लाटा आणि पिस्टनची चाल यांचा मेळ बसतो, आवाज पालटतो आणि हँडल हातात हलकं होतं. दाजीपूर ओलांडून फोंडा घाटाकडे निघालं की तिसऱ्या गिअरमध्ये हा क्षण येतो. चौतीस वर्षांत मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

पण या रचनेची किंमत आहे. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खालच्या चेंबरमध्ये साठवलेलं असतं आणि फिरत राहतं. इथं तसं नाही. इथं वेगळ्या टाकीतून एक छोटा पंप ॲक्सिलरेटरच्या प्रमाणात ऑइल सोडतो, ते मिश्रणाबरोबर आत जातं आणि जळून जातं. तो पंप थांबला की काही मिनिटांचा खेळ. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो, बिडाचं सिलिंडर तेवढं फुगत नाही, आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. मागचं चाक जागेवर लॉक होतं.

मी हे शिकवत होतो आणि तरीही माझ्या हातून ते घडलं. मे १९९४. मी आणि बायको कणकवलीला, तिच्या माहेरी निघालो होतो. आदल्या संध्याकाळी मी ऑइलची टाकी काढून धुतली होती आणि परत बसवली होती. टाकी काढल्यावर पंपात हवा शिरते. पंपाचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू देऊन ती हवा काढावी लागते. ते मी केलं नाही. भोगावती कारखाना मागे पडला, मोकळा रस्ता आला, वेग ऐंशीच्या पुढे होता. इंजिनाचा सूर एकदम घोगरा झाला. डावा हात आपोआप क्लचवर गेला म्हणून आम्ही दोघं रस्त्यावर पडलो नाही. बायको एसटीनं पुढे गेली, मी गाडी दुधाच्या टेम्पोत घालून कोल्हापूरला परत आलो. त्या दिवसापासून पंपाला हात लावला की पुढच्या टाकीभर पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिली ऑइल मी हातानं मिसळतो. बायको मागे बसली असेल तर घाट लागेपर्यंत दोन बोटं क्लचवरच ठेवतो.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा बोरिंगवाल्या मामांकडे गेलो.

कोल्हापूरचं उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना हा भाग कळणं अवघड आहे. पंप, ऑइल इंजिनं आणि ओतकामावर हे गाव वाढलं. उद्यमनगरात एका गल्लीत लेथ, दुसरीत ओतीव कामाचे साचे, तिसरीत गिअर कापणारे. मामांचं दुकान दहा बाय बाराचं. एक बोरिंग मशीन, एक होनिंगची मशीन, भिंतीवर गणपती आणि खिळ्याला अडकवलेली मापं. त्यांनी डावा सिलिंडर उजेडाकडे धरून पाहिला, पिस्टनवरच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, इंजनाची चूक न्हाई. ऑइलच पोचलं न्हाई." मग विचारलं, "पिस्टन आणलाय का?" मी म्हटलं, आधी बोअर करा, मग त्या मापाचा आणतो. त्यांनी सिलिंडर माझ्या हातात परत दिला. "आधी पिस्टन. मग बोअर."

मला तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की मामांचंच बरोबर. आरडीचा सिलिंडर मुळात ६४ मिलिमीटरचा. झिजला की पाव, अर्धा, पाऊण आणि शेवटी एक मिलिमीटर मोठा पिस्टन घालता येतो. पण बाजारात 'पाव मोठा' म्हणून मिळणारे दोन पिस्टन कधी तंतोतंत सारखे नसतात. पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये जागा ठेवायची ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चार ते साडेचार. डोक्याचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. म्हणून मामा हातातला पिस्टन मोजायचे आणि सिलिंडर त्याच पिस्टनसाठी कापायचे. पिस्टनवर खडूनं 'डा' आणि 'उ' लिहून ठेवायचे. कापल्यावर सिलिंडर गरम असतो, म्हणून त्यावर शेवटचं माप ते कधीच घेत नसत. रात्रभर तो फडक्याखाली ठेवायचे आणि सकाळी दुकान उघडल्यावर, चहाच्या आधी, मोजायचे. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. मग होनिंग, म्हणजे ऑइल धरून ठेवण्यासाठी भिंतीवर तिरक्या बारीक रेघा. आणि सगळ्यात शेवटी बारीक दगड घेऊन खिडक्यांच्या कडा हातानं मोडायच्या. या शेवटच्या कामाचे पैसे कुणी देत नाही आणि घाईतला माणूस ते करत नाही. पण कड तीक्ष्ण राहिली तर पिस्टनची रिंग त्यात अडकते आणि तुटते. आरडीच्या सिलिंडरला अशा खिडक्या पुष्कळ.

मी एकोणतीस वर्षं मुलांना मायक्रोमीटर धरायला शिकवला. मापाचा असा आदर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

माझ्या वहीत तीन बोअरची नोंद आहे. १९९४ मध्ये पाव मिलिमीटर. २००३ मध्ये अर्धा, कारण मुंबईहून आणलेला एक पिस्टन नकली निघाला. रिंग जागेवर धरणारी त्याची पिन सुटली आणि सिलिंडरला खोल चर पडला. २०१८ मध्ये थेट एक मिलिमीटर. तिन्ही मामांच्या हातचे. शिवाय एकदा क्रँकचं काम. या गाडीचा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो, तो उघडून, बेअरिंग आणि सील बदलून, पुन्हा सरळ बसवावा लागतो. हे सील साधं रबर दिसतं, पण ते गळू लागलं की इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापतो. म्हणून दर महिन्याला मी प्लग काढून त्याचा रंग पाहतो. आमच्याकडच्या पिवळ्या गुळाहून थोडा गडद असला की इंजिन बरं आहे. पांढरा पडला की गाडी तिथंच थांबवायची.

ब्रेकबद्दल मात्र त्या बागायतदारांचं खरं निघालं. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम दिला. या वेगाच्या गाडीला तो अपुरा आहे, हे मी स्पष्ट सांगतो. कंपनीनं तिथं काटकसर करायला नको होती.

अलीकडे मला सर्वांत जास्त काळजी पेट्रोलची वाटते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुनी रबरं फुगवतं, आणि त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण आणखी पातळ होतं. मी रबरी नळ्या बदलल्या आणि कार्ब्युरेटरचा मेन जेट एक पायरी मोठा घातला. पूर्वी पावसाळ्यात टाकी गंजू नये म्हणून ती काठोकाठ भरून ठेवायचो. आता उलटं करतो. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी बसून राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करतो, टाकीत थोडं टू-टी ऑइल घालून ती सगळीकडून घोळवतो. आणि दर आठवड्याला दारात दोन मिनिटं गाडी सुरू करून बंद करणं, हे तर करूच नये. त्यानं सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. उघडीप मिळाली की दहा-पंधरा किलोमीटर चालवावी.

कागदांचं फारसं अवघड नाही. पंधरा वर्षांनी पहिलं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी तपासणी आणि पर्यावरण कर. यंदाचंही झालं, नवी नंबरप्लेटही लागली. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद व्हायला गाडी पन्नास वर्षांची लागते. माझी २०३५ मध्ये होईल.

माझ्या भाच्याकडे चाकणला बनलेली आरसी ३९० आहे, २०१६ ची. एका सिलिंडरमधून त्रेचाळीस हॉर्सपॉवर काढणारं, पाण्यानं थंड होणारं इंजिन. तो म्हणाला, "मामा, माझी गाडी अजून बारा हजारच चालली आहे, काही करायची गरज नाही." मी त्याला टायरच्या बाजूचे चार आकडे वाचायला लावले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर कारखान्यातूनच आलेले होते, रबर कडक झालं होतं. ब्रेकचं ऑइल पहिल्यापासून तेच, आणि तेसुद्धा हवेतलं पाणी ओढतं. दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, गाडी चालो वा न चालो. वेगवान गाडीला किलोमीटरइतकंच वयही मोजावं लागतं.

२०१९ मध्ये मामांनी दुकान बंद केलं. डोळे साथ देईनात. त्यांचा मुलगा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, उत्तम कारागीर आहे, पण तिथं एका वेळी हजार नग निघतात. दोन सिलिंडरसाठी ती मशीन कोण थांबवणार? माझा शेवटचा बोअर संपला की नवे लायनर बसवावे लागतील आणि ते कुणी करायचं, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. दुकान आवरताना मामांनी आपला बोअर गेज मला दिला. पैसे घेऊन दिला. म्हणाले, "फुकटची वस्तू माणूस नीट ठेवत न्हाई." माझी मुलगी आता त्यावर माप घ्यायला शिकली आहे.

गेल्या वर्षी पुण्याहून एक गृहस्थ आले आणि मी १९९१ मध्ये मोजले त्याच्या चाळीस पट पैसे द्यायला तयार झाले. मी त्यांना चहा दिला, गाडी विकली नाही.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी, गोठ्याशेजारी किंवा जुन्या वाड्याच्या पडवीत वडिलांची, काकांची आरडी किंवा अशी एखादी गाडी पत्र्याखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावू नका. आणि लगेच किकही मारू नका. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. दोन्ही प्लग काढून त्या भोकांतून चमचाभर टू-टी ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग किक हातानं, सावकाश दाबून बघा. इंजिन फिरलं तर गाडी जिवंत आहे. आरसी बुक शोधा, आणि मूळचा एकही भाग, तुटका असला तरी, फेकू नका.