वाऱ्याला वाट, लाटेला अडथळा

मंचरला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शेड, गोठे, पॉलिहाऊस, टाक्यांचे स्टँड ही आमची रोजची कामं. या धंद्यात गिऱ्हाईक अडचण घेऊन येत नाही, थेट उपायच सांगतं. "वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडाले, आता जाड अँगल टाका." शेड कुठल्या अंगाने उघडी आहे, आत शिरलेला वारा निघतो कुठून, असं विचारलं की त्याला वाटतं, मिस्त्री काम टाळतोय. अँगल जाड केला की बिल वाढतं, तेव्हा टाळून माझं नुकसानच आहे. पण हे कोण ऐकतो?

अशा वेळी मी खोडदचा दाखला देतो.

नारायणगावहून आत गेलं की खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लागते. एकूण 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्यातल्या 14 साधारण एक चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात, उरलेल्या 16 तीन दिशांना पसरलेल्या, इतक्या की टोकाच्या दोघींमध्ये 25 किलोमीटर अंतर पडतं. सगळ्यांनी पकडलेले संकेत ऑप्टिकल फायबरमधून एका इमारतीत येतात आणि तिथे जुळवले जातात. आपल्या भागातले लोक याला 'दुर्बीण' म्हणून मोकळे होतात. मी मात्र आधी सांगाडा बघतो.

दीडशे फुटांची तबकडी उंचावर ठेवायची, वर ती आभाळात कुठेही वळवायची. भरीव पत्र्याची केली तर वारा तिला शिडासारखी ढकलणार. मग वर लोखंड वाढवा, वर वाढलं की खाली पाया वाढवा, मोटर वाढवा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप आणि त्यांचे सहकारी 1980च्या दशकात याच हिशेबात होते. पैसा मोजका आणि तबकड्या तीस.

त्यांनी वाऱ्याशी झुंजायचं सोडून दिलं. पत्र्याच्या जागी 0.55 मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस तारेची जाळी घेतली. पाइपाच्या 16 कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले वायररोप आणि त्या दोरांवर बांधलेली जाळी. द्राक्षाचा मांडव ज्याने ताणलाय त्याला यातलं अर्धं काम न सांगता कळेल. सपाट तुकडे जोडत जोडत खोलगट आकार साधलेला. जाळीची भोकं मध्यभागी 10 मिलिमीटरची, मग 15, आणि कडेला 20. कडेला वाऱ्याचा रेटा तबकडीला सगळ्यात जास्त पिळतो, तिथेच जाळी सगळ्यात विरळ. हे पाहून मी मनातल्या मनात टोपी काढली.

पण जाळीतून रेडिओ लाटा निसटत नाहीत का? 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला लोकांना आत जाऊन बघता येतं. शाळांच्या पोरांचा नुसता पूर असतो. त्या गर्दीत मी एका तरुण इंजिनिअरला हे विचारलं. त्याने आधी माझा धंदा विचारला. मग हाताची वीत ताणून म्हणाला, "काका, हायड्रोजनची लाट 21 सेंटिमीटर, एवढी. तुमचं भोक बोटाच्या नखाएवढं. लाटेला ते भोक दिसतच नाही. बाकी बहुतेक लाटा याहून लांबच." दोन मिनिटांत काम झालं. समोरचा काय करतो ते आधी विचारून मग बोलणारे साहेब मला फार भेटलेले नाहीत.

निसर्गाशी न झुंजता काम काढायची स्वरूपांची ही खोड जुनीच. उटीला 1970 साली त्यांनी 530 मीटर लांबीची दुर्बीण उभारली. तिथल्या अक्षांशाइतकाच, म्हणजे सुमारे 11 अंशांचा, उतार असलेला डोंगर त्यांनी शोधला आणि दुर्बीण त्या उतारावरच बसवली. त्यामुळे तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. तारा सरकेल तशी ती एकाच आसाभोवती फिरवली की भागतं. निम्मं यंत्र डोंगरानेच वाचवलं.

खोडदच्या तबकड्या आजही त्याच आहेत. 2019 साली नव्या रूपात सुरू झालेल्या दुर्बिणीत बदलले ते मुख्यतः रिसीव्हर आणि इलेक्ट्रॉनिक्स. सांगाडा हलका असला म्हणजे तकलादू असतो, या समजुतीला एवढं उत्तर पुरे.

या दुर्बिणीने आम्हा शेजाऱ्यांना मात्र बांधून टाकलंय. ही जागा निवडली तेच डोंगरांच्या आडोशाने शहरांचा रेडिओ गोंगाट इथे कमी पोचतो म्हणून. आत जाताना मोबाइल बंद करावा लागतो. आसपास नवा कारखाना काढायचा तर त्यांचा ना-हरकत दाखला लागतो. माझा वेल्डिंगचा आर्क म्हणजेही गोंगाटच, विजेच्या खांबावर ठिणग्या उडवणारा सैल जोडही गोंगाटच.

आता पुणे-नाशिक रेल्वेचं घ्या. नारायणगावहून जाणारी लाइन जीएमआरटीमुळे जमणार नाही, असं केंद्रातून सांगितलं गेल्यापासून चहाच्या टपरीवर एकच वाद: रेल्वे की दुर्बीण? दोन्ही बाजू जाड अँगल मागणाऱ्या गिऱ्हाइकासारख्या बोलतात. लाइनीवर ठिणगी कुठे पडते, किती लांब पोचते, कोणत्या तबकडीला बाधते आणि ती अडवायला खर्च किती, हे आमच्या शेतकऱ्याला त्या तरुण इंजिनिअरसारखं वीत ताणून कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. पुढच्या विज्ञान दिनाला तेवढंच विचारायला जाणार आहे.